झील धरणारी गिटार

ब्लूज शिकवायला बसलेला कुणीही आधी बारा खंडांचा हिशेब मांडतो. चार मात्रांचा एक खंड, असे १२, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार खंड षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या. मग पंचम, मध्यम, षड्ज, आणि शेवटच्या खंडात परत पंचम, की आवर्तन आपसूक समेवर येऊन पडतं. कॉर्ड तीनच. बरा शिकवणारा हे अर्ध्या तासात समजावतो आणि नवशिक्या माणसाचा हात आठवड्याभरात त्यावर बसतो. ब्लूज सोपा, असं म्हणतात ते यामुळे.

सोपा आहेही. गोम आहे ती रिकाम्या जागांची. गाणारा एक ओळ म्हणतो, ती दोन-सव्वादोन खंडांत संपते. चार खंड भरायला अजून बराच अवकाश असतो आणि गाणारा तर गप्प झालेला असतो. मग तो तीच ओळ पुन्हा म्हणतो, पुन्हा गप्प होतो. तिसऱ्यांदा वेगळी ओळ येते, आधीच्या ओळीचा निकाल लावणारी, आणि तिच्यानंतरही जागा उरतेच. या तीन जागांत गिटारने काय करायचं, एवढाच ब्लूजचा अभ्यास. बाकी सगळी तयारी.

माझं नारायणगावात पाइप, मोटर आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार रस्ता तापलेला असतो, गिऱ्हाईक फिरकत नाही. पुतण्या हिंजवडीला नोकरीला लागला तेव्हा त्याची गिटार आणि मोबाइलमधली गाण्यांची यादी, दोन्ही माझ्याकडे राहिलं. वाइंडिंगला आलेल्या मोटारींच्या शेजारी ती गिटार उभी असते. पन्नाशीनंतर नवं वाद्य हातात घेणाऱ्या माणसाकडे गाव ज्या नजरेने बघतं, ती नजर आता दुकानाच्या फळीइतकीच ओळखीची झाली आहे.

सुरांचं म्हणाल तर ते आमच्या कानाला परके नाहीत. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद: हा तर धानी. भजनात पेटीला बसणारा कुणीही या पाच पट्ट्या न बघता दाबील. पण धानीत एक चंचल गोडवा आहे आणि तेच पाच सूर ब्लूजमध्ये आले की त्यांना काहीतरी डाचत असतं. याचं कारण खाली वाजणाऱ्या कॉर्डमध्ये आहे. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि वर तारेवर कोमल. जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण ते क्रमाने येतात: चढताना शुद्ध, उतरताना कोमल, एकमेकांची गाठ न पडू देता. ब्लूजमध्ये दोघं एकदम वाजतात आणि गाणाऱ्याचा गळा त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत फिरत राहतो. पियानोवाल्याला ती जागा मिळत नाही, म्हणून तो दोन्ही पट्ट्या चिरडल्यासारख्या एकदम दाबतो. गिटारवाल्याला निदान तार ओढता येते.

ती ओढ जवळून बघण्यासारखी आहे. षड्ज ‘ए’वर धरला, तर तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला कोमल गंधार सापडतो. तर्जनीने सूर काढायचा आणि तार खाली, जमिनीच्या दिशेने, इतकीच खेचायची की कोमल गंधार सुटेल पण शुद्ध लागणार नाही. केसभर. त्याच तारेवर सातव्या फ्रेटला मध्यम आहे. तो पंचमापर्यंत न्यायचा तर एका बोटाचं काम नाही. अनामिका तारेवर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे टेकू म्हणून, अंगठा मानेवरून पलीकडे घट्ट आवळलेला, आणि जोर बोटांचा न लावता मनगटाचा लावायचा. मनगट वळतं, तार चढायला लागते, शेजारची तार नखाखाली सापडून खर्र करते. पंचम खरा लागला का, हे तपासायची सोय बाजूलाच आहे: दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच पंचम आयता बसलेला असतो. दोन्ही तारा एकत्र छेडायच्या. सूर जुळला नसेल तर आवाजात एक थरथर ऐकू येते, जसजसं जवळ जावं तशी ती सावकाश होते, आणि जुळला की थांबते. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगायला नको, आणि सतारिया तर एकाच पडद्यावरून चार-चार सूर ओढून काढतो. त्याला आमची ही कसरत बालवाडीतली वाटेल. पण गिटारची तार जाड, ताण जास्त. बोटांना घट्टे पडतात. आमच्या भागात घट्ट्यांचं कुणाला कौतुक नाही, हे बरं.

तार न ओढता सूर सरकवायची दुसरी तऱ्हाही आहे. १९०३ च्या सुमाराची गोष्ट. मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघता बघता डब्ल्यू. सी. हँडीचा डोळा लागला होता. त्याला जाग आली ती गिटारच्या आवाजाने. एक फाटक्या कपड्यांतला काळा माणूस तारांवर सुरी घासून वाजवत होता. हँडी शिकलेला, बँडमास्तर. पुढे त्यानेच ब्लूज कागदावर उतरवले, छापले, आणि १९१४ च्या ‘सेंट लुइस ब्लूज’ने त्याचं नाव झालं. सुरीवाल्याचं नाव कुणी विचारलं नाही. सुरीच्या जागी पुढे बाटलीचा कापलेला गळा आला, धातूची नळी आली. माझ्या दुकानात अर्ध्या इंची जीआय निपल ढिगाने पडलेल्या असतात. त्यातलीच एक लेथवाल्याकडून आटे काढून, घासून घेतली. करंगळीत नीट बसते. लेथवाल्याने कशासाठी म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून मजुरी घेतली नाही.

ही सरकती तार भारतात नवी नाही. ब्रिजभूषण काबरांनी त्याच तऱ्हेने गिटारवर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांना राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ग्रॅमी मिळालं. ते सगळं मैफलीचं वळण झालं. मला आंधळ्या विली जॉन्सनने १९२७ मध्ये रेकॉर्ड केलेलं एक गाणं जास्त ओढतं. गाणं म्हणायचं, पण त्यात शब्दच नाहीत: नुसता हुंकार आणि त्याच्या मागोमाग सरकत जाणारी तार. तो स्वतःला देवाची गाणी गाणारा म्हणवायचा, ब्लूजवाला नव्हे. ऐकणाऱ्याने काय ते ठरवावं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर ते गाणं आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आमच्याजवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे तोंड करून आहेत. तिथून व्हॉयेजरचं काही कळत असेल, असं दुकानात येणाऱ्या पोरांना वाटतं. तसं नाही. त्या अँटेना फार कमी वारंवारितेच्या लहरी टिपतात, यानाची हाक त्यांच्या पट्टीत येत नाही.

ब्लूज शिकणाऱ्याला आणखी एक गोष्ट हमखास ऐकावी लागते: रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री चौफुल्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार मिळवली. जुन्नर तालुक्यात ही गोष्ट रंगत नाही. एक तर आमच्या चौफुल्यावर आधीच कुणाचा तरी उतारा ठेवलेला असतो, भात, अंडं, लिंबू. आणि उसाच्या पट्ट्यात रात्री सैतानाच्या आधी बिबट्या भेटेल. पण मला ती आवडत नाही याचं कारण वेगळं आहे. जॉन्सन आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे राहून शिकला. कुणाची झोपमोड नको म्हणून दोघे रात्री कब्रस्तानात बसून वाजवायचे, असं सांगतात. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. इतकी मेहनत डोळ्यांसमोर असताना लोकांना सैतान का लागतो? गरिबाच्या पोराच्या हातात असामान्य कसब दिसलं की ते त्याने कुठून तरी सौदा करून आणलं असणार, असं मानणं सोयीचं जातं. आमच्याकडे सैतानाच्या जागी देव आहे. तमाशाच्या फडातल्या बाईचा गळा ऐकून ‘देवाची देणगी’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तिचा रियाज, तिचे हाल, तिच्या आधीच्या चार पिढ्या, यांचा उल्लेख करायची मग गरज उरत नाही.

आता त्या रिकाम्या जागांकडे येतो. बी. बी. किंगकडे बघून त्या कळायला लागतात. हा माणूस गाताना वाजवत नसे. ओळ संपली, ओठ मिटले, की गिटार बोलायला लागायची. ती बोलत असताना तोंड मात्र तिच्याबरोबर हलायचं. कॉर्ड वाजवणं आपल्याला जमत नाही, हे तो जाहीरपणे सांगायचा आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नसे. त्याच्या गिटारचं नाव ल्युसील. १९४९ च्या हिवाळ्यात अर्कान्सामधल्या ट्विस्ट या खेड्यात तो नाचगाण्याच्या अड्ड्यावर वाजवत होता. उबेसाठी मधोमध पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन पुरुषांची एका बाईवरून मारामारी जुंपली, पिंप कलंडलं, अड्डा पेटला. किंग बाहेर पळाला आणि आत राहिलेल्या गिटारसाठी पुन्हा आगीत शिरला. त्या बाईचं नाव ल्युसील होतं, हे त्याला नंतर कळलं. जत्रेत तमाशाच्या कनातीला आग लागलेली, नाहीतर शिट्टीवरून दोन गावांत काठ्या चाललेल्या ज्याने पाहिल्यात, त्याला या गोष्टीतली एकही गोष्ट अमेरिकन वाटणार नाही. १९५६ या एका वर्षात किंगने ३४२ रात्री कार्यक्रम केले. आमचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेपर्यंत, आज या गावात, उद्या त्या गावात, ट्रकमध्येच संसार.

पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडमालकाच्या नावाचा बोर्ड, आत सतरंजी, एक टेबल, तारखांची वही. गावोगावचे जत्रा कमिटीवाले जीपा करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, सुपारीचा आकडा पाडून मागतात, चहा पितात, उठल्यासारखं करतात, पुन्हा बसतात. वगात काय आहे, बाया किती, लाइट कसली, हे विचारतात. मागे झील धरायला कोण आहे, हे मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

आणि सगळं तर तिथेच आहे. पोवाड्यात शाहीर डफ घेऊन पुढे असतो, पण त्याने ओळ टाकली की ती झेलायला मागे झीलकरी लागतात. तमाशात हेच काम सुरते करतात. एकाच्या हातात तुणतुणं, दुसऱ्याच्या हातात मंजिरी, आणि गाणारणीचा श्वास संपायच्या आत तिचं शेवटचं अक्षर उचलून ते वरच्या पट्टीत उभं ठेवायचं. तेवढ्यात ती दम घेते, एक गिरकी घेते, ढोलकीवाला आपला तुकडा ओततो. सुरत्याचा सूर खाली पडला तर फड बसतो. त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, पैसे उधळले जातात ते पुढे.

एक म्हातारे सुरते, आता फड सोडून शेतावर राखणीला असलेले, फूटव्हॉल्व्ह घ्यायला दुकानात आले होते. मी किंगचं एक गाणं लावून त्याच्या जागा वाजवून बघत होतो. ते बाकावर टेकले, तंबाखू मळली आणि तीन-चार आवर्तनं ऐकून घेतली.

“शेठ, ही गाणाऱ्याला झील हाये का?”

“हो बाबा. तो गातो, ही उत्तर देते.”

“मग गिटारीकडं कशाला बघता? झील धरायची तर गाणाराच्या तोंडाकडं बघायचं. छाती खाली बसाया लागली की उचलायचं. ढोलकीकडं न्हाई बघायचं, आपल्या हाताकडं तर न्हाईच न्हाई.”

गाणारा मोबाइलमध्ये, त्याची छाती दिसणार कशी, असं मी म्हणालो. “ऐकू येती की,” ते म्हणाले. आणि खरंच येते. किंगच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास सुटल्याचा एक बारीक आवाज आहे. गिटार तिथून निघते. कुठल्या मात्रेवर निघायचं, हे पुस्तकं आकडे घालून सांगतात, आणि ते आकडे दर ओळीला बदलतात, कारण श्वास दर ओळीला वेगळा असतो.

म्हाताऱ्यांना मी तुणतुण्याबद्दल विचारलं. पत्र्याचं किंवा लाकडाचं नळकांडं, एका तोंडाला कातडं, बाजूला दांडी, कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार दांडीवरच्या खुंटीला. मिसिसिपीच्या डेल्टातल्या कित्येक वादकांचं पहिलं वाद्यही एका तारेचं होतं: झाडू बांधायची तार सोडवायची, घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, खाली बाटली अडकवायची आणि दुसऱ्या बाटलीने सूर सरकवायचा. गिटार घ्यायला पैसे येईपर्यंत त्यावर हात बसायचा. ही दोन वाद्यं शेजारी ठेवून ‘आपला तमाशा म्हणजे त्यांचा ब्लूज’ असं वाक्य टाकायचा मोह होतो. मला ते वाक्य फार आळशी वाटतं. लावणीला ठसका आहे, नखरा आहे, पुढ्यातल्या बघणाऱ्याशी तिचा सरळ व्यवहार आहे. ब्लूजमधला माणूस बहुतेक वेळा स्वतःशीच बोलतो. सूरही वेगळे, तालाची चालही वेगळी. ब्लूजमध्ये दर मात्रेचे तीन भाग करून मधला गिळायचा असतो, लांब-आखूड, लांब-आखूड. आमची ढोलकी असं काही गिळत नाही, सगळं वाजवते.

सारखेपणा आहे तो सुरांच्या बाहेर. कोण गातं, कोण बघतं आणि सकाळ झाल्यावर कोण कुणाला दारात उभं करत नाही, यात. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग १९३५ च्या, बापाच्या फडात वाढलेल्या. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा पुढे आल्या, ही हकिकत आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. सांगणारा ती अभिमानाने सांगतो. त्यांना पुन्हा बोर्डावर यावं लागलं ते कुणामुळे, समोर बसलेले कोण होते, हे तो सांगत नाही. त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं, शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या गेल्या, आणि आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. ब्लूजची सम्राज्ञी म्हणवली गेलेली बेसी स्मिथ १९३७ मध्ये मोटार अपघातात गेली. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत नावाचा दगड नव्हता. तो बसवायला ज्यांनी पैसे दिले त्यांत जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका होती, जिने आपलं गाणं बेसीच्या रेकॉर्ड ऐकून घडवलं होतं.

या चित्रात मी कुठे आहे, हेही सांगायला हवं. माझं घर बागायतदाराचं. जत्रेच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्यांत आमचे आजोबा असत. तमाशा आला की आमची माणसं पुढच्या रांगेत. ब्लूज गाणारा मडी वॉटर्स मिसिसिपीत ज्या स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता, त्याच्या नकाशात मला जागा शोधायची झाली तर ती मालकाच्या ओसरीवरच सापडेल. ब्लूज वाजवताना हे विसरता येतं. तेवढ्यासाठीच तो दूरवरचा संगीतप्रकार पुष्कळांना आवडतो, असा माझा संशय आहे. मिसिसिपीच्या दुःखाने गहिवरायला काही पडत नाही.

ज्यांनी हे अंतर मनापासून ओलांडलं, ते गाणाऱ्यांतले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. सत्यशोधकांचा जलसा तमाशाच्याच सांगाड्यावर उभा राहिला, आणि आमच्या तालुक्यातलं ओतूर हे सत्यशोधकांचं गाव. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. गाण्याच्या वाटेने ही भेट झाली असती तर काय ऐकायला मिळालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गाव सोडणंही दोन्हीकडे आहे. मडी वॉटर्सचंच बघा. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स मळ्यावर रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. आपलाच आवाज यंत्रातून ऐकून मडीला पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्याला जमतंय. १९४३ मध्ये तो गाडीत बसून शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांत गोंगाट एवढा, की साधी गिटार ऐकूच जाईना. म्हणून विजेची आली, आणि ब्लूजचा आवाज बदलला. जुन्नर-आंबेगावची माणसंही गेलीच. डबेवाले झाले, माथाडी झाले, गिरणीत लागले. आंबेगावातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू असाच गिरणीतला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. गावाकडून गेलेल्यांनी मुंबईत भजन नेलं. लोकलच्या डब्यात टाळ वाजतात, डब्याच्या खडखडाटावर आवाज काढावा लागतो. गाव सोडून आलेल्या माणसाच्या मनातलं म्हणाल, तर अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड मला ब्लूजच्या सगळ्यात जवळची वाटते: बायको मागे राहिल्याचं सांगता सांगता ती अख्ख्या संयुक्त महाराष्ट्राचं गाऱ्हाणं मांडते.

माझा एक ढोलकीवाला मित्र आहे. त्याच्या वडिलांचं घर जुन्या आंबेगावात होतं. डिंभ्याचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याच गावाचं राहिलं, कचेरी घोडेगावला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पडक्या भिंती उघड्या पडतात. जलाशयाला नाव बाबू गेनूचं दिलं आहे. डिंभ्याचा डावा कालवा येडगावकडे येतो आणि त्या पाण्यावर आमच्याकडचा ऊस, टोमॅटो आणि माझं दुकान चालतं.

त्याला मी बारा खंड समजावून सांगितले. त्याला पसंत पडली नाही ती शेवटच्या दोन खंडांतली पंचमाकडची वळणाची जागा. “इथं आठ मात्रा मोकळ्या सोडायच्या? तिहाई टाक की.” तीन मात्रांचा तुकडा तीनदा, होतात नऊ. एक्केचाळिसाव्या मात्रेला उचलली तर नववी थेट समेवर. वाजवून बघितली, चपखल बसली. ढोलकीवर लांब-आखूड चाल धरायला मात्र तो तयार नाही. ती लंगडते, असं त्याचं म्हणणं आहे. मी गिटारवर लंगडतो, तो सरळ चालतो.

गाणं आपलंच पाहिजे, इंग्रजी नको, असा त्याचा हट्ट. पहिली ओळ त्यानेच दिली: तालुक्याला नाव गावाचं, अन गाव गेलं पाण्यात. हीच ओळ पुन्हा. मधल्या दोन जागा माझ्या. पहिल्या जागेत कोमल गंधार नुसता ओढून सोडून देतो. दुसऱ्या जागेत निपल घालून मध्यमावरून पंचमावर सरकत जातो आणि तिथे थांबतो. तिसऱ्या ओळीवर आमचं अडलं. मी बुडालेल्या उंबऱ्याचं, देवळाचं काहीतरी सुचवत होतो. तो ऐकून घेत होता, ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता. मग त्याने गाऊनच दाखवली: पाणी चाललं कालव्यानं, शेठ पाइप मोजतो दुकानात.

ओळ ठेवली. बदलायचं काही कारण नव्हतं. वजनात बसते, जुळते आणि खरी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही ती वाजवतो. तिच्यानंतरच्या जागेत गिटारने काय म्हणायचं, हे अजून ठरत नाही, म्हणून तिथे सध्या त्याची तिहाईच आहे.